पाण्याचे विसर्जन, गाळाची राखण

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अफझलगंजच्या या मांडवात दरवर्षी कीर्तन होते, नाट्यगीते होतात, संतसाहित्यावर कुणीतरी अधिकारी व्यक्ती बोलते. यंदा आम्हांला उभे केले आहे आणि विषय आहे अणुवीज केंद्राचे सांडपाणी. सेक्रेटरींनी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा दोघांनी येऊन विचारले, "फळा चुकला का हो?" फळा बरोबर आहे. या विषयाला कारण झाले गेल्या वर्षीचे विसर्जन.

हुसेन सागरवरून आपण परतत होतो. आमच्या शेजारी आपल्या मंडळाचे एक जुने सभासद होते. त्यांना आपण सगळे आजोबाच म्हणतो. त्यांची मुलगी बोईसरला दिली आहे. बोईसर म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राजवळचे स्टेशन. क्रेनने तळ्यातून काढलेला मूर्तींचा ढीग बघत आजोबा म्हणाले, "अहो, तुम्ही पाण्याच्या खात्यातले ना? आपल्या गणपतीचं हे असं होतं, मग तिथल्या अणुभट्टीच्या पाण्याचं विसर्जन कुठं करतात? माझी नात तिथल्या समुद्रावर खेळते." आम्ही म्हणालो, "आजोबा, वाचून सांगतो." त्याला एक वर्ष लागले. आज ते उत्तर सर्वांसमक्ष देत आहोत.

आधी एक कबुली. आम्ही अणुशास्त्रज्ञ नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि वीसेक वर्षे पाणी, पाइप आणि व्हॉल्व्ह यांत गेली. पण वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की या विषयाचा अर्धा भाग आमच्याच धंद्यातला आहे. उरलेला अर्धा भाग कोणत्याही एका खात्याचा नाही, तो आपल्या सगळ्यांचा आहे.

तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. भट्टीच्या पोटातच पाणी उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते. पुढे २००५ आणि २००६ मध्ये जड पाण्यावर चालणाऱ्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हेही विसरू नये. आणि तारापूर म्हणजे दूरचे प्रकरण असेही समजू नका. आपल्या मौला अलीकडे १९७१ साली उभे राहिलेले न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स देशातल्या भट्ट्यांसाठी इंधन बनवते. कैगा आणि कल्पाक्कमच्या विजेत तेलंगणाचाही वाटा असतो. म्हणजे वरच्या या माळेतला एखादा दिवा त्या विजेवर लागला असेल.

आता भट्टीला सांडपाणी कुठून? इंधन धातूच्या नळ्यांत बंद असते. पण एखाद्या नळीला केसाएवढी चीर गेली तर आतला अंश पाण्यात उतरतो. पाइपांचे धातू झिजतात, त्यांचे कण भट्टीतून फिरून येतात आणि स्वतः किरणोत्सारी होतात. कोबाल्ट-६० हा त्यांतलाच. मग झडपांतून गळालेले पाणी, फरशी धुतलेले पाणी, यंत्रे साफ केलेले पाणी, वापरलेले इंधन ज्या तलावात बुडवून ठेवतात तिथले पाणी, कामगारांच्या अंघोळीचे आणि कपडे धुतलेले पाणी, असे सगळे जमते. पहिला नियम आपल्या घरातल्या ओल्या आणि सुक्या कचऱ्याचाच. उगमापाशीच वेगळे करा. कपड्यांचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते. ते रसायने मिसळलेल्या जास्त किरणोत्सारी पाण्यात ओतले तर सगळेच बिघडते.

वेगळे केलेल्या पाण्याचे पुढे तीन मार्ग आहेत. थांबणे, पातळ करणे आणि कोंडणे.

थांबणे म्हणजे काय, हे बालगोपाळांनी ऐका. समजा आईने १०२४ मोदक केले. एक वेळ ठरली आणि त्या वेळात बरोबर निम्मे संपतात. उरले ५१२. पुन्हा तेवढाच वेळ गेला, उरले २५६. असे दहा वेळा झाले की किती उरतील? बरोबर, एक. या निम्मे होण्याच्या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस आहे. ऐंशी दिवस टाकीत ठेवले की हजारातला एक भाग राहतो. तिथे नुसते थांबले तरी काम होते. पण सीझियम-१३७ ला निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात आणि स्ट्रॉन्शियम-९० ला एकोणतीस. त्यांच्या दहा फेऱ्या म्हणजे सुमारे तीनशे वर्षे. हा तीनशेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पातळ करणे म्हणजे फार सौम्य पाणी तपासून, मोठ्या प्रवाहात मिसळून, ठरलेल्या मर्यादेत सोडणे. तारापूरला यंत्रे थंड करण्यासाठी समुद्राचे प्रचंड पाणी फिरवतात, त्या परतीच्या पाण्याबरोबर ते जाते. मनाला येईल तसे सोडता येत नाही. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ मर्यादा ठरवते आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून आहेत. केंद्राच्या परिसरात पर्यावरण तपासणीची प्रयोगशाळा असते. ती मासे, पाणी, माती, दूध, भाजीपाला यांचे नमुने घेते आणि हे काम केंद्र सुरू होण्याआधीपासून चालू करतात, म्हणजे आधी काय होते आणि नंतर काय झाले याची तुलना करता येते.

आता कोंडणे. इथे आमचा धंदा आला.

पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आम्ही काय करतो? तुरटी घालतो. पाणी ढवळतो, बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, त्या तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी पुढे जाते. आपल्या आजीने हंड्यात तुरटी फिरवली ती हीच विद्या. किरणोत्सारी पाण्यावरही हेच करतात, फक्त तुरटीच्या जागी औषध वेगळे. स्ट्रॉन्शियम रसायनाच्या दृष्टीने कॅल्शियमचा भाऊ आहे, म्हणून तर पोटात गेला की हाडांत जाऊन बसतो. त्याला कॅल्शियम फॉस्फेट किंवा बेरियम सल्फेटच्या गाळात ओढून घेतात. सीझियम हा सोडियम-पोटॅशियमच्या घराण्यातला, मिठासारखा पाण्यात विरघळून राहणारा. तो साध्या गाळात येत नाही. त्याच्यासाठी तांब्याचे फेरोसायनाइड वापरतात. प्रशियन ब्ल्यू नावाचा निळा रंग असतो ना, त्याच्याच नात्यातला हा पदार्थ. तो सीझियमला धरून खाली बसतो. बाकीचे धातू लोखंडाच्या हायड्रॉक्साइडबरोबर खाली जातात. जिथे याने भागत नाही तिथे रेझिनचे बारीक मणी वापरतात. घरातला जड पाणी मऊ करणारा फिल्टर असतो, त्यातल्यासारखेच हे मणी. कुठे घरच्या आरओसारखी यंत्रे, कुठे पाणी आटवून टाकणारी.

इथपर्यंत वाचून आम्ही खूश झालो होतो. म्हटले, आजोबांना सांगू, पाणी साफ होते, काळजी सोडा. मग एका वाक्यापाशी अडलो. आमच्या नळाच्या पाण्यात आम्ही क्लोरीन घालतो, त्याने जंतू मरतात. किरणोत्सार मात्र कशानेच मरत नाही. उकळून नाही, जाळून नाही, कुठल्याही औषधाने नाही. त्याला एकच औषध लागू पडते, काळ. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ पाणी बाहेर पडले तेव्हा घाण नाहीशी झालेली नसते. ती पाण्यातून गाळात गेलेली असते. हजारो लिटरांत पसरलेली होती, ती थोड्याशा चिखलात आणि मूठभर मण्यांत गोळा झाली, एवढेच. हे यश लहान नाही. पण खरे काम इथे संपत नाही, इथे सुरू होते.

जपानच्या फुकुशिमाचे उदाहरण घ्या. २४ ऑगस्ट २०२३ ला तिथले शुद्ध केलेले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली तेव्हा जगभर गदारोळ झाला. त्या पाण्यात मुख्यतः ट्रिटियम उरले होते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच प्रकार, तो पाण्याचाच भाग होऊन बसतो, म्हणून गाळून निघत नाही. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही हीच अडचण आहे. त्याचे अर्धायुष्य बारा वर्षांचे. सगळे जग त्या पाण्यावर भांडले. पण त्याच पाण्यातून काढलेला गाळ आणि वापरून झालेले शोषक पदार्थ भक्कम डब्यांत भरून त्याच आवारात ठेवले आहेत, त्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. डोळ्यांपुढून वाहून जाते त्याची भीती वाटते. आवारात बसून राहते ते आपण विसरतो.

आपल्याकडे त्या गाळाचे काय करतात? आधी त्यातले पाणी काढून तो घट्ट करतात. मग सिमेंटमध्ये कालवून दोनशे लिटरच्या पिंपांत त्याचा दगड करतात. सिमेंटमधून सीझियम हळूहळू झिरपण्याचा संभव असतो, म्हणून व्हर्मिक्युलाइटसारखे खनिज मिसळतात, ते त्याला धरून ठेवते. रेझिनचे मणी सिमेंटमध्ये किंवा प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरमध्ये बसवतात. हे सगळे केंद्राच्याच आवारात जमिनीत पुरतात. अगदी सौम्य असेल तर दगडी अस्तराच्या चरात. त्याहून तीव्र असेल तर आरसीसीच्या खंदकात. हे खंदक साधारण पावणेपाच मीटर खोल, अडीच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब असतात. आणखी तीव्र असेल तर जमिनीत उभ्या बसवलेल्या, चार मीटर खोल नळ्यांत. भरून झाले की वर काँक्रीटचे झाकण आणि पाणी शिरू नये म्हणून लेप. भोवताली बोअर खोदलेले असतात आणि त्यांतले पाणी नियमित तपासतात. काही झिरपले तर तिथे आधी कळावे.

वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करताना अतितीव्र द्रव कचरा निघतो, त्याची गोष्ट वेगळी. तो काचेत वितळवून गोठवतात. ही विद्याही आपल्या लोकांनी तारापूर आणि तुर्भ्याला हस्तगत केली आहे. त्या कचऱ्याचे आयुष्य हजारो वर्षांचे असते. आज आपण फक्त वीज केंद्राच्या गाळापुरतेच बोलतो आहोत.

तर या गाळाची राखण किती दिवस? मघाचे मोदक आठवा. तीनशे वर्षे. आपल्याकडचा हिशेबही हाच धरला आहे. तोपर्यंत त्या जागेवर देखरेख ठेवायची, कुणाला तिथे खणू द्यायचे नाही, घर बांधू द्यायचे नाही.

मंडळी, आम्ही सरकारी नोकर. तीनशे वर्षांची देखरेख म्हटल्यावर आम्हांला रसायन आठवले नाही, रजिस्टर आठवले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाचे आणि कचेरीचे नाव नको. एका गल्लीत नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. लाइन बंद करायला व्हॉल्व्ह सापडेना. नकाशावर लाइन रस्त्याच्या डाव्या बाजूला, जमिनीत ती तिथे नाहीच. दोन दिवस आम्ही खड्डे खणत होतो आणि लोक शिव्या देत होते. शेवटी एका निवृत्त फिटर चाचांना घरून रिक्षात बसवून आणले. त्यांना दिसायचे कमी. त्यांनी काठी टेकत चार घरे मोजली आणि म्हणाले, "याँ नीम का झाड़ था साब, उसकेच नीचे है." खणले, तर व्हॉल्व्ह तिथेच! ती लाइन टाकून जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. नकाशा कुणी दुरुस्त केला नव्हता, झाड कुणी तोडले ते माहीत नव्हते आणि सारी माहिती एका माणसाच्या डोक्यात उरली होती. पुढच्या वर्षी चाचा वारले.

चाळीस वर्षांत आम्ही एक व्हॉल्व्ह हरवला. आता दिल्लीचे ऐका. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० असलेले यंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० साली ते भंगार म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. यंत्रात काय आहे हे माहीत असलेली माणसे निवृत्त झाली आणि ते पुढच्यांना कुणी सांगितले नाही, एवढेच. विसरायला पंचवीस वर्षे पुरली.

आणि आपल्याला तीनशे हवी आहेत. तीनशे वर्षे म्हणजे किती, हे हैदराबादच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १७२४ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला लढाई झाली, निजाम-उल-मुल्क जिंकला आणि आसफजाही राज्य उभे राहिले. तेव्हापासून आजपर्यंतचा काळ तो तीनशे वर्षांचा. तेवढ्यात निजामाची सगळी घराणेशाही आली आणि गेली. १९४८ ला राज्य गेले, १९५६ ला भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या, २०१४ ला पुन्हा नवे राज्य झाले. दरबारात फारसी होती, मग उर्दू आली, मग इंग्रजी आणि तेलुगू. आपल्यातल्या किती घरांत आजोबा-पणजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत? हात वर करा. पाहा, बरेच आहेत. आता ते वाचता येणाऱ्यांनी हात वर करा.

दोनच हात.

हाच प्रश्न आहे, मंडळी. त्या खंदकावरची पाटी तीनशे वर्षांनी कोण वाचणार? कोणत्या लिपीत? त्या आवारावर तेव्हा कोणते खाते असेल? काँक्रीट टिकवायची विद्या आपल्याकडे आहे. आठवण टिकवायची विद्या शिकायची आहे.

ती अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. इथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला, अफझलगंज बुडाले, हजारो माणसे गेली. त्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. ते आजही आपल्याला माहीत आहे, कारण माणसे पुराच्या तारखेला झाडापाशी जमतात आणि पुन्हा तीच गोष्ट सांगतात. आणि नुसती गोष्ट सांगून थांबले नाहीत, त्या पुराच्या धड्यातून गंडीपेट आणि हिमायत सागर बांधले गेले. पुराच्या आठवणीला झाड होते, तारीख होती, सांगणारी माणसे होती आणि सरकारने केलेले कामही होते. चारही होते म्हणून शंभरावर वर्षे ती टिकली.

तेव्हा आजोबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. नातीला समुद्रावर खेळू द्या. केंद्रांमुळे सामान्य माणसाला वर्षाला जास्तीत जास्त एक मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळावा, अशी मर्यादा आहे. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिळतोच. आणि तारापूरचे प्रसिद्ध झालेले आकडे त्या एकच्याही खूप खाली आहेत. पाण्याची मोजणी होते, ती मोजणी समजण्यासारखी आहे.

पण जावईबापूंना सांगा, पाण्याबरोबर गाळाचेही विचारत जा. खंदकात काय, किती आणि कधी ठेवले याची नोंद किती ठिकाणी ठेवली आहे? मराठीत आहे का? बोअरचे आकडे दरवर्षी पंचायतीच्या फळ्यावर लागतात का? तपासणारा आणि तपासला जाणारा एकाच घरचे आहेत का? हा शेवटचा प्रश्न आमचा नाही. नियामक मंडळ पुरेसे स्वतंत्र नाही, असे २०१२ साली कॅगने आपल्या अहवालात म्हटले होते. असे विचारणे म्हणजे विरोध नव्हे. आम्ही स्वतः सरकारी माणूस आहोत आणि अनुभवाने सांगतो, ज्या रजिस्टरबद्दल लोक विचारतात ते रजिस्टर कपाटात नीट राहते. ज्याबद्दल कुणी विचारत नाही, त्याला वाळवी लागते.

तीनशे वर्षे म्हणजे साधारण बारा पिढ्या. लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ साली चालना दिली, त्याला अजून तेवढ्याच्या निम्मीही वर्षे झालेली नाहीत. पण तो टिकला. दरवर्षी कुणीतरी वर्गणीची वही पुढच्याच्या हातात देते, आरती कुणी वाचून दाखवत नाही, लहान मुले ऐकून ऐकून शिकतात. आपला बाप्पा पाण्यात जातो, पण त्याचा पाट आपण घरी परत आणतो आणि पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतो.

अणुवीज घ्यावी की नाही, यावर आपल्यात दोन मते असतील, असू द्यात. पण जो गाळ आजवर झाला आहे तो दोन्ही मतांच्या घरांत सारखाच आहे. त्याची वही पुढच्या पिढीच्या हातात देणे हे आता आपले काम.

आणि ज्या दोघांनी मघाशी हात वर केले त्यांना मंडळातर्फे विनंती आहे. दसऱ्यानंतर रविवारी सकाळी या मुलांना मोडी शिकवाल का? सतरंज्या आम्ही घालतो.

गणपती बाप्पा मोरया!